माशाला काय दिसलं

१

शनिवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एक चोरी उघडकीला आली, आणि प्रथमदर्शनी तरी ती एका माशाने केलेली होती.

शनिवारी दुपारनंतर हा दवाखाना बंद असतो. आठवडाभर ज्या खुर्च्यांवर लोक गाल धरून बसतात, त्याच खुर्च्यांवर मग आमचं लेखक मंडळ बसतं. कण्हण्याचं प्रमाण साधारण तेवढंच राहतं. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा वहिनी एकट्याच आल्या होत्या. पेशंटसाठी ठेवलेल्या मासिकांच्या ढिगातून त्यांनी एक नवाकोरा वार्षिक अंक काढला होता आणि एका पानात बोट घालून त्या नुसत्या बसल्या होत्या.

"टवाळ, हे वाचा," त्या म्हणाल्या.

मला मंडळात टवाळ म्हणतात. मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहितो. त्यातला विनोद अजून कुणाला सापडलेला नाही, टवाळी मात्र सगळ्यांना सापडते.

कथेचं नाव होतं 'काचेमागून'. लेखकाच्या जागी नुसतं 'जलचर'. पहिलं वाक्य वहिनींचं होतं. दुसरंही. तिसऱ्यापर्यंत मला कळलं, की ही वहिनींची कथा आहे, गेल्या हिवाळ्यात याच खोलीत वाचलेली. फरक एवढाच की वहिनींच्या कथेत लेखिका बाहेरून सगळं सांगत होती, आणि इथे फिशटँकमधला काळा मासा 'मी, मी' करून सांगत होता. मासा हळवा होता. खोलीत एक कथा वाचली जात होती, तिच्यातलं वाळूचं वर्णन ऐकून तो पाण्यातल्या पाण्यात शहारत होता.

ती गोष्ट होती दादांच्या मृत्यूची. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. मंडळ त्यांनीच काढलं. ते स्वतः काही लिहीत नसत, त्यामुळे मंडळात त्यांना फार मान होता. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी वाचन चालू असताना ते खुर्चीतच गेले. वहिनी तेव्हा मंडळात नव्हत्या. शेजारीच त्यांचं औषधांचं दुकान आहे, तिथे काउंटरवर होत्या. आम्ही त्यांना सांगितलं, झोपल्यासारखे गेले, कुणाला कळलंसुद्धा नाही. पुढे त्या मंडळात येऊ लागल्या, दादांच्या खुर्चीत बसू लागल्या, आणि आम्ही जे जे सांगितलं त्यावरून त्यांनी ती कथा लिहिली.

"सरळ चोरी आहे," मी म्हणालो. "मासिकाला पत्र टाकू."

"चोरीचं मला काही नाही हो. हे वाक्य वाचा. हे माझं नाही."

त्यांनी बोट ठेवलं तिथे छापलं होतं: 'त्यांची बोटं शर्टाच्या खिशाच्या बटणाशी चाळवत होती. मग त्यांनी मान वर केली आणि समोर पाहिलं.'

"त्या खिशात ह्यांची गोळी असायची. जिभेखाली ठेवायची. वाकले की बाटली पडायची, म्हणून खिशाला बटण मी शिवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "हॉस्पिटलातून शर्ट परत मिळाला तेव्हा ते बटण उघडं होतं. बाटली आत तशीच, झाकणसुद्धा फिरवलेलं नाही. दोन वर्षं मी समजत्येय, सकाळी घाईत बटण लावायला मीच विसरले, शेवटच्या दिवशी तेवढंही केलं नाही."

त्यांनी अंक मिटला.

"म्हणजे ते झोपल्यासारखे गेले नाहीत. ते गोळी काढत होते. आणि तुमच्यापैकी कुणीतरी ते बघत होतं."

२

मंडळात सल्ल्याला तोटा नसतो, पण त्या दिवशी एकच माणूस कामाचा होता. त्याला आम्ही पंचनामा म्हणतो. अपघात झालेल्या गाड्या तपासून विम्याचे दावे खरे की खोटे ते ठरवण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर तो प्रेमकविता करू लागला, त्याही साधारण त्याच भाषेत. दादा गेले त्या शनिवारी तो परगावी होता, म्हणून सगळ्यांत तोच एक संशयाबाहेर.

त्याने गोष्ट उभ्यानेच वाचली. मग म्हणाला, "वहिनी, माणूस काय पाहिलं ते वाटेल तसं फिरवून सांगतो. पण कुठून पाहिलं ते त्याला लपवता येत नाही. ट्रकचा डावा दिवा फुटला म्हणणारा माणूस डावीकडेच उभा असतो, मग तो आपण घरी होतो असं शपथेवर का सांगेना."

"मग हे कुणी, कुठून पाहिलं ते शोधून द्या," वहिनी म्हणाल्या. "मला दुसरं काही नको. मी दर शनिवारी या लोकांमध्ये येऊन बसते. कुणाशेजारी बसते ते मला कळायला हवं."

त्या दिवशी खोलीत दादा धरून पाच जण होते. दादा वजा करा. राहिले डॉक्टर, दादांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे सगळ्यांचेच भाऊजी, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आणि मी. रहस्यकथा वाचून वाचून बिघडलेले वाचक आता माझ्याकडे बघायला लागले असतील, कारण गोष्ट मी सांगतोय. त्यांनी खुशाल बघावं. पंचनाम्यानेही तेच केलं.

मंडळाचे नियम सांगायला हवेत, कारण सगळा घोळ त्यांच्यातच आहे. लेखकाने स्वतःचं लिखाण स्वतः वाचायचं नाही. कागद नाव न घालता खोक्यात टाकायचे, आणि ज्याची पाळी असेल त्याने ते वाचायचे. लेखक कोण ते वाचन संपल्यावरच सांगायचं, म्हणजे मधल्या वेळात लोक खरं बोलतात. आणि वाचन चालू असताना कुणी उठायचं नाही. हा शेवटचा नियम दादांचा. कुणी चुळबुळ केली की ते तळवा वर करत. 'वाचू दे' म्हणजे तळवा, 'बस खाली' म्हणजेही तळवाच. वहिनींचे कागद वाचनानंतर महिनाभर त्याच खोक्यात पडून होते. ते कुणीही नेऊ शकत होतं.

पंचनाम्याने सुरुवात डॉक्टरांपासून केली. ते किल्ली फिरवत नुकतेच आत येत होते.

"डॉक्टर, त्या दिवशी वाचत तुम्हीच होता ना?"

डॉक्टरांनी अंक पाहिला, वहिनींकडे पाहिलं, आणि ते पेशंटच्या खुर्चीत बसले. आजवर कधी बसले नव्हते.

"हो. खिडकीपाशी उभा राहून, उजेडाकडे तोंड करून. दादा माझ्या पाठीमागे होते. मला काही दिसलं नाही, खरंच."

"मग झोपल्यासारखे गेले, हे कशावरून?"

"कशावरूनच नाही. बायकोला सांगायला काहीतरी लागतं ना हो! मी दातांचा डॉक्टर. वळून पाहिलं तेव्हा सगळं झालेलं होतं."

"वाचत होता ते कुणाचं होतं?"

"नाव वाचन संपल्यावर सांगतात. ते वाचन संपलंच नाही." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "वाचताना माझ्या डोक्यात काही शिरत नाही, तुम्हाला माहीत आहे. वाळू आठवते. नुसती वाळूच वाळू."

पंचनाम्याने अंक पुन्हा उघडला आणि शहारणाऱ्या माशाचं वाक्य दोनदा वाचलं. वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा अपघाताच्या जागी पोचलेल्या माणसासारखा झाला होता.

"दोन वर्षांत ती गोष्ट आपली म्हणून कुणीच हात वर केला नाही?"

कुणीच केला नव्हता. आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

३

माझी जबानी थोडक्यात झाली, कारण ती लाजिरवाणी होती.

"तू कुठे होतास?"

"दादांच्याच रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून."

"काय बघत होतास?"

"मासे."

वाचन कंटाळवाणं असलं की मी मान मागे वळवून मासे बघतो. मंडळात इतक्या वर्षांत माझा माशांचा अभ्यास चांगलाच झालाय.

"काळा मासा तुला चांगला ओळखीचा असेल मग," पंचनामा म्हणाला.

"तोंडओळख आहे. पण त्याने लिहिलेलं मी आजच वाचतोय."

"तुझ्या बाजूने दादांचा उजवा खांदा दिसतो. खिसा डावीकडे असतो. तू नाहीस." हे त्याने इतक्या रुक्षपणे सांगितलं, की सुटलो याचा आनंदसुद्धा नीट घेता आला नाही.

एवढ्यात भाऊजी आणि बाई एकदमच आले. भाऊजींचं गाडी शिकवायचं स्कूल आहे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, म्हणून शनिवारी बसल्या जागी त्यांचा डोळा लागतो. बाईंनी आल्या आल्या वहिनींच्या हातातला अंक काढून घेतला, चष्मा लावून दोन परिच्छेद वाचले आणि वहिनींच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं बाई! काय ही माणसं! आणि कसला मेला मासा! तू रडू नकोस हं."

वहिनी रडत नव्हत्या. पण बाईंचा हात त्यांनी धरून ठेवला. दोन वर्षांत बाईंनी वहिनींना एकटं म्हणून पडू दिलं नव्हतं. दुकानाच्या शटरला रोज संध्याकाळी दुसरा हात बाईंचाच असे. मंडळात आपली जुनी जागा सोडून त्या वहिनींच्या शेजारी येऊन बसू लागल्या होत्या. कथेच्या बाबतीत तर त्यांनी जीव तोडून सल्ला दिला होता. गेल्या हिवाळ्यातला तो वाद मला आठवला. ही गोष्ट कोणी सांगायची, यावर आम्ही तीन शनिवार घालवले होते.

"सर्वसाक्षी निवेदक ठेवा," असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. "त्याला सगळं दिसतं."

"सगळं दिसलेला साक्षीदार मला नोकरीत एकच भेटला," पंचनामा म्हणाला होता. "त्याला पुढे सहा महिन्यांची शिक्षा झाली."

"दादांनाच सांगू दे की," भाऊजींनी सुचवलं होतं.

"गेलेला माणूस गोष्ट सांगायला लागला, की वाचक घाबरत नाही, कंटाळतो," हे मी म्हटलं होतं.

आणि बाई म्हणाल्या होत्या, "माझं ऐकशील? टाकून दे ती कथा. तू तिथे नव्हतीस. जिथे नव्हतो तिथलं लिहू नये. उगाच उकरून काय हाती लागणार?"

मला तेव्हा ते फार प्रेमळ वाटलं होतं.

"भाऊजी, तुमची नेहमीची खुर्ची ही ना? दादांच्या बरोबर समोरची?" पंचनाम्याने विचारलं.

"हो."

वहिनींनी हळूच मान वळवली. सख्ख्या दिराकडे त्या अशा बघत होत्या, की मी मासे बघायला लागलो.

"म्हणजे त्या दिवशी ह्यांनी मान वर करून पाहिलं, ते तुमच्याकडे, भाऊजी?"

४

भाऊजी काही बोलायच्या आत पंचनाम्याने खुर्च्या मांडायला घेतल्या.

"आधी माशाची साक्ष तपासू. मी मासा होतो. टवाळ, तू दादांच्या खुर्चीत बस."

फिशटँक रिसेप्शनच्या काउंटरवर आहे. दादांची खुर्ची काउंटरला टेकून, टँकच्या बरोबर खाली, पाठ माशांकडे करून. पंचनामा काउंटरच्या मागे गेला आणि टँकच्या पाण्यातून पलीकडे बघू लागला. हिरवट पाण्यात त्याचा चेहरा दुप्पट झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कवी वाटला.

"टवाळ, खिशाशी चाळा कर."

मी केला.

"मला तुझं टक्कल दिसतंय. विरळ केस दिसतायत. हात दिसत नाहीत, खिसा दिसत नाही. तू मान वर केलीस तरी मला तुझं कपाळ दिसेल, तू कुठे बघतोयस ते दिसणार नाही." तो बाहेर आला. "या माशाने खोटी साक्ष दिली आहे. बटण त्याला दिसणं शक्यच नाही. ज्याने ही गोष्ट उचलली, त्याला आपली जागा लपवायची होती. म्हणून जी कुणाचीच नाही अशी जागा त्याने घेतली. 'मी' मासा झाला, पण डोळे खुर्चीतच राहिले. समोरच्या खुर्चीत."

सगळ्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. तशी ती साधीच, हाताला चिकटपट्टी लावलेली खुर्ची होती.

"आता सगळे त्या दिवशी जिथे होता तिथे बसा," पंचनामा म्हणाला.

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. मी माझ्या जागी गेलो. वहिनी दादांच्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशी त्या खोलीत नव्हत्याच. बाई तरातरा दाराजवळच्या खुर्चीकडे निघाल्या. ती त्यांची जुनी जागा. तिथे टेकणार, तोच भाऊजी येऊन त्याच खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, इथे मी होतो," ते म्हणाले.

समोरची खुर्ची रिकामीच राहिली.

५

"काहीतरीच काय भाऊजी!" बाई हसल्या. "दहा वर्षं मी या दारापाशी बसत होते. वाऱ्याला."

"पण त्या दिवशी नाही. मी आलो तेव्हा तुम्ही माझ्या जागी आधीच बसला होता. म्हणालात, आज मला समोर बसू द्या. मी म्हटलं बसा, मला झोपायला सगळ्या खुर्च्या सारख्याच."

"तुम्ही झोपला होता ना? मग तुम्हाला काय आठवणार?"

हा घाव वर्मी बसला. भाऊजी लाल झाले. "झोपलो होतो," ते वहिनींना म्हणाले. "वहिनी, माझा भाऊ गेला तेव्हा मी घोरत होतो. म्हणूनच मीही म्हणत राहिलो, की कुणाला कळलं नाही. मला तरी कळलं नव्हतं."

पंचनामा माझ्याकडे वळला. "टवाळ, समोर कोण होतं?"

मला मासे आठवत होते. डॉक्टरांना उजेड आठवत होता. लेखकाने डोळे उघडे ठेवावेत, यावर आम्ही त्या खोलीत मिळून किती तास बोललो असू, देव जाणे.

"एका खुर्चीत दोन साक्षीदार बसत नाहीत," पंचनामा म्हणाला. "दाराजवळून काय दिसत होतं?"

"सगळं," बाई म्हणाल्या. "म्हणजे, दादा दिसत होते. शांत बसलेले."

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "ती दाढ मध्ये होती."

डॉक्टर खिडकीतून वळले. "अरे हो! दाढ!"

त्याच आठवड्यात टूथपेस्टच्या कंपनीच्या माणसाने पुठ्ठ्याची एक माणसाएवढी हसरी दाढ आणून दवाखान्यात उभी केली होती. हातात ब्रश, डोळा मिचकावलेला. दादा तिच्यासमोर गेले. सोमवारी दवाखाना उघडल्यावर डॉक्टरांना तिचं हसू बघवेना, त्यांनी ती माळ्यावर टाकली. मंडळाने ती त्या एकाच शनिवारी पाहिली होती.

"दाराकडून तिची कुठली बाजू दिसत होती?" पंचनाम्याने विचारलं.

"पाठ," डॉक्टर म्हणाले. "तोंड आत, पेशंटकडे."

"बाई, पाठीवर काय होतं?"

"पुठ्ठ्याला काय असणार? पुठ्ठा."

"भाऊजी?"

"पत्त्याची चिठ्ठी होती," भाऊजी म्हणाले. "आणि पत्ता दुसऱ्याच दातवाल्याचा होता, स्टेशनजवळच्या. डोळा लागेपर्यंत वाचायला तेवढंच होतं हो समोर. मला वाटलं, डॉक्टरांनी त्याची दाढ ढापली. म्हणून बोललो नाही कधी."

डॉक्टर शिडी घेऊन माळ्यावर चढले. धूळ पडली. मग पुठ्ठ्याचा एक पांढराशुभ्र कोपरा खाली आला, मग ब्रश, मग मिचकावलेला डोळा. पंचनाम्याने दाढ उलटी केली.

चिठ्ठी होती. पत्ता स्टेशनजवळचा होता.

वहिनींच्या शेजारची खुर्ची, जिथे बाई दोन वर्षं बसत आल्या होत्या, ती कुणी हात न लावता एकदम फार रिकामी दिसू लागली.

६

"बाई?" वहिनी म्हणाल्या. फक्त एवढंच.

बाई बसल्या नाहीत. चष्मा काढून तो पुसत राहिल्या.

"ती वाळूची गोष्ट तुमची होती," पंचनामा म्हणाला. "वहिनींनी आपल्या कथेत लिहिलं होतं, 'काहीतरी लांबलचक वाचन चाललं होतं.' चोरणाऱ्याने बाकी वाक्यं तशीच ठेवली, हे एक मात्र बदललं. मासा वाळवंट ऐकून भारावला. पाण्यात जन्म गेलेल्या जिवाला वाळूचं वर्णन आवडायला एकच कारण असू शकतं, ते त्याने स्वतः लिहिलेलं असणं."

एरवी मी यावर हसलो असतो.

"मला दादांचा चेहरा बघायचा होता," बाई म्हणाल्या. "माझं काही त्यांना कधी आवडलं नव्हतं. एकदा म्हणाले, बाई, यात नकाशा आहे, माणूस नाही. म्हणून या वेळी समोर बसले. ते माझी गोष्ट ऐकताना मला बघायचे होते, त्यांना माहीत नसताना."

"आणि मग?"

"मग त्यांनी खिशाला हात लावला. मला वाटलं, पेन काढतायत. काहीतरी आवडलंय, लिहून ठेवणार. खरं सांगते, मला आनंद झाला." त्यांनी चष्मा लावला. "मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं."

बाई आता वहिनींकडे वळल्या.

"मी उठणारच होते गं. पण त्यांनीच तळवा वर केला. तुला माहीत आहे ना त्यांचा तळवा? वाचू दे, म्हणजे..."

"नाही," पंचनामा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुमच्या माशाने बटण पाहिलं, बोटं पाहिली, नजर पाहिली. तळवा पाहिला नाही. दादांनी तळवा केला असता, तर तुम्ही सगळ्यांत आधी तोच लिहिला असता. त्या एका तळव्याने तुम्ही सुटत होता."

बाई खाली बसल्या. दाराजवळच्याच खुर्चीत, सवयीने.

"दोन पानं उरली होती," त्या म्हणाल्या. "शेवट चांगला जमला होता. वाटलं, दोन पानं होऊ देत."

भाऊजींनी तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर उगाचच दाढेवरची धूळ झटकत होते.

"मला इतक्या वेळा जवळ घेतलंत," वहिनी म्हणाल्या. "बटण मी विसरले म्हणून मी रडत होते, आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. तेव्हा तरी सांगायचं."

"बटणाचं तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"नाही. पण मी रडत होते ना?"

बाई म्हणाल्या, "कुठेतरी ओकून टाकायचं होतं. तुझी कथा ऐकली त्या दिवसापासून झोप नव्हती. ती तू टाकून दिली असतीस तर... नाही टाकलीस. वाक्यं तुझीच घेतली, मला तितकी चांगली येत नाहीत."

"पण मासाच का?" हे मी विचारलं. अशा वेळीसुद्धा तंत्राचा प्रश्न सुचतो, हा आमच्या मंडळाचा रोग आहे.

बाईंनी टँककडे पाहिलं. काळा मासा काचेशी येऊन तोंड उघडत होता, मिटत होता.

"माशाला उठता येत नाही," त्या म्हणाल्या.

७

पुढच्या शनिवारी मंडळ भरेल असं मला वाटलं नव्हतं. पंचनामा आला, डॉक्टर होतेच, भाऊजी चक्क जागे होते. समोरच्या खुर्चीत त्यांना बसवेना, म्हणून ते माझ्या शेजारी बसले. वहिनी दादांच्या खुर्चीत होत्या.

चहा झाला. कुणी खोक्याकडे हात नेईना. एवढ्यात दार उघडलं आणि बाई आत आल्या. आठवडाभरात त्या उंचीनेही कमी झाल्यासारख्या वाटत होत्या.

"यांना कोणी बोलावलं?" भाऊजी म्हणाले, मोठ्याने.

"मी," वहिनी म्हणाल्या. "आज वाचायची पाळी त्यांची आहे."

पाळी खरंच त्यांची होती. गेल्या आठवड्याच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ज्यांच्या राहायला हवं होतं, त्यांच्या राहिलं होतं.

"मला नाही गं जमणार," बाई दारातच म्हणाल्या.

"खोक्यात एकच गोष्ट आहे," वहिनी म्हणाल्या. "फार लांब नाही. बसा. तिथे नाही, इथे समोर."

बाई चिकटपट्टीच्या खुर्चीत बसल्या. वहिनींनी खोकं स्वतः उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, मग परत येऊन माशांखाली बसल्या. कागद टाइप केलेले होते, नियमाप्रमाणे वर नाव नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन शनिवार ज्याच्यावर वाद घातला, त्याचा निकाल पहिल्याच ओळीत होता. लेखिकेने सर्वसाक्षी निवेदक सोडला होता. दादांनाही बोलायला लावलं नव्हतं. मासा तर नव्हताच.

बाईंनी पहिली ओळ मनात वाचली आणि कागद खाली ठेवले.

"मोठ्याने," वहिनी म्हणाल्या.

"मी उठले नाही," बाईंनी वाचलं.

त्या थांबल्या. मग पुढचं वाक्य वाचलं, तेही 'मी'चंच होतं, आणि त्याच्या पुढचंही. 'मी आधी येऊन त्यांच्या समोरची खुर्ची धरली. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांनी खिशाला हात लावला तेव्हा मला आनंद झाला.' बाईंचा वर्गात शिकवून शिकवून कमावलेला आवाज होता. तो पानापानाला बारीक होत गेला, पण शब्द एकही गळला नाही. पंचनामा जमिनीकडे बघत होता. मी त्या दिवशी माशांकडे पाहिलं नाही.

शेवटची दोन पानं राहिली तेव्हा बाईंनी मान वर केली आणि समोर पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. कुणीतरी उठून त्यांच्या हातातून ते कागद घ्यावेत, एवढंच त्या मागत होत्या, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

मी अर्धा उठलोही.

वहिनींनी तळवा वर केला.